काठावरचे

बूट चावतायत, कारण ते तुमचे नाहीत. ओव्हरकोटही तुमचा नाही. त्याच्या आतल्या खिशात जे टिकटिकतंय ते घड्याळ रग्बी स्टेशनच्या माल कचेरीतल्या लोकांनी गेल्या महिन्यात, निरोपाच्या चहाला, या अंगाच्या मालकाच्या हातात ठेवलं. पासष्टी आली, रेल्वेची कारकुनी संपली. अंग त्याचं, डोकं तुमचं, असा आजच्या दिवसापुरता करार आहे. तारीख 26 जानेवारी 1963, वार शनिवार. तिकडे दिल्लीत याच आठवड्यात लताबाई गाणार आहेत आणि नेहरूंचे डोळे पाणावणार आहेत. इकडे इंग्लंडच्या मध्यावर, नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ब्रॉन्स्टन गावात तुम्ही बसमधून उतरलायत आणि तुमच्या डोळ्यांतलं पाणी नुसतं थंडीचं आहे.

बरोबर बायको आहे. ती बसभर एक शब्द बोललेली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात हे गप्प राहणं तुम्हाला, म्हणजे या अंगाला, चांगलं ओळखू येतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी पडायला लागलेला बर्फ अजून वितळलेला नाही. हा जानेवारी इंग्लंडातला विसाव्या शतकातला सगळ्यात थंड महिना ठरणार आहे, पण ते फक्त तुम्हाला माहीत. बाकीच्यांना एवढंच कळतंय की नळ गोठलेत आणि कोळसेवाला येत नाही. टेकडीवर चर्चचा उंच कळस, उतारावर गाव आणि खाली कालवा. कालवा म्हणायचा एवढंच. खरं तर तो आता एक लांबच लांब पांढरा रस्ता आहे आणि त्यात ओळीनं बोटी रुतल्यात. धुरांड्यांतून सरळ वर जाणारा धूर दिसतो, म्हणजे आत माणसं आहेत.

बोटी पाहताच पहिली गोष्ट खटकते ती त्यांचं माप. लांबी सत्तर फुटांच्या वर, रुंदी जेमतेम सात. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाच्या, लिहिण्यावाचण्यात फारशी गती नसलेल्या इंजिनियरनं मिडलँड्समधले कालवे खोदताना लॉकची रुंदी सात फुटांच्या आसपास धरली. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोटीला टेकडी चढवायची तर दोन दरवाजांमध्ये तिला कोंडून पाणी भरायचं. अरुंद लॉक बांधायला स्वस्त, त्याला पाणीही कमी लागतं. हिशेब चोख होता. त्या सात फुटांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या माणसांना संसार बसवावे लागले, तो हिशेब मात्र कुठल्या वहीत नाही. पुढे या मार्गावरची लॉकं रुंद बांधली गेली, दोन बोटी शेजारीशेजारी मावतील एवढी. बोटी सात फुटीच राहिल्या.

तुम्ही इथे का आलात? सेकंडहँड बोट घ्यायला. राहायला. भाड्याचं घर सोडायचं, बोटीत बिऱ्हाड करायचं आणि उरलेलं आयुष्य ताशी तीन मैलांनी काढायचं. ही कल्पना या अंगात कधी शिरली तेही सांगता येतं. दुसऱ्या महायुद्धात, 1944च्या डिसेंबरात, एल. टी. सी. रोल्ट या इंजिनियरचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं. त्यानं 1939मध्ये बॅनबरीच्या टूली बोटयार्डात आपली ‘क्रेसी’ ही जुनी लाकडी बोट राहण्यासारखी करून घेतली, आत आंघोळीचा टबसुद्धा बसवला, आणि जुलैअखेरीस नव्या बायकोला घेऊन तो निघाला. त्या पुस्तकामुळे इंग्लंडातले हजारो लोक मरायला टेकलेल्या कालव्यांच्या प्रेमात पडले. 1946मध्ये कालवे वाचवायला इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली ती त्यातूनच. रग्बीच्या माल कचेरीत रात्रपाळीला बसलेला एक कारकूनही त्या पुस्तकानं बिघडला.

‘क्रेसी’चं पुढे काय झालं हे पुस्तकाचे प्रेमी सहसा सांगत नाहीत. 1951मध्ये तिचं लाकूड इतकं गेलं होतं की ती मोडीत काढावी लागली. बारा वर्षं. निवृत्तीनंतरचा हिशेब मांडताना हा आकडा खिशात असलेला बरा.

या गावातला विनोद असा, की तुमच्या या अंगानं ज्या रेल्वेचं मीठ खाल्लं तिनंच कालव्यांचा धंदा ओढून नेला. 1948मध्ये रेल्वे आणि बहुतेक कालवे दोन्ही सरकारी झाले, तरी सावत्रपणा गेला नाही. आता साडेतीन आठवड्यांपूर्वी, 1 जानेवारीला, कालव्यांना ब्रिटिश वॉटरवेज बोर्ड हा नवा मालक मिळालाय, आणि त्याला मालवाहतुकीचा हा तोट्याचा धंदा नको झालाय. त्यात कालवा गोठला. बोटवाल्यांना पगार खेपेवर. खेप नाही तर पैसा नाही. गिऱ्हाइकांनी कोळशासाठी लॉरी लावल्या, आणि लॉरीवर गेलेलं गिऱ्हाईक बर्फ वितळल्यावर परत येईल याची कुणालाच खात्री नाही. म्हणून बोटी विकायला निघाल्यात. रेल्वेवाल्यांनीही हसू नये. दोन महिन्यांनी, 27 मार्चला, रेल्वेचे अध्यक्ष डॉ. बीचिंग आपला अहवाल मांडतील आणि पाच हजार मैल मार्ग व दोन हजारांवर स्टेशनं बंद करायला सांगतील. पण ही बातमी आज सांगायची नाही. करारात बसत नाही.

गोदीतला माणूस तुम्हाला आधी लाकडी बोट दाखवतो. दिसायला देखणी आहे. दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेत, लाल-हिरव्या पट्ट्या आहेत. बायकोचा चेहरा पहिल्यांदा सैल पडतो. इथेच सावध व्हा. आपल्याकडे बैल घेताना शिंगांचा रंग बघत नाहीत, खूर आणि दात बघतात.

बाजू ओकच्या, तळ एल्मच्या आडव्या फळ्यांचा. एल्मचं एक बरं असतं: कायम पाण्याखाली राहिलं तर ते टिकतं, ओलं-सुकं, ओलं-सुकं होत राहिलं की कुजतं. म्हणजे जीव जातो तो पाण्याच्या रेषेवर. आणि यंदा नेमका तिथेच बर्फ लागलाय. बर्फ फोडणाऱ्या बोटी येतात, दहाबारा माणसं मधल्या दांडीला धरून बोट डावीउजवी हलवतात, बर्फ तडकतो, आणि त्याचे धारदार पत्रे शेजारच्या लाकडी बोटींच्या कुशीत करवतीसारखे फिरतात. तुम्ही वाकता, खिशातला चाकू उघडता आणि रेषेवरच्या फळीला टेकवता. जोर न लावता दीड इंच आत जातो.

“तिथे जरा मऊ आहे,” गोदीवाला म्हणतो.

फळीच्या आतल्या अंगाला काळा, जाडसर थर दिसतो. विचारा, म्हणजे सांगेल: डांबर, गायीचे केस आणि घोड्याची लीद एकत्र उकळून लावतात. नाव ‘चॅलिको’. सांधे बुजवायला याच्यासारखं काही नाही. तुमच्या अंगातला इंग्रज कारकून नाक मुरडतो, पण डोक्यातल्या मराठी माणसाला मात्र एकदम आजोळची सारवलेली ओटी आठवते. शेण आणि लीद यांवर माणसाचा केवढा संसार उभा राहिला, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं. असो. बोट नको म्हणून सांगा.

दुसरी बोट ओळीच्या टोकाला आहे. ही 1930च्या दशकातली, पोलादी बाजूंची, रिव्हेट मारलेली. ग्रँड युनियन कंपनीनं तेव्हा धंदा वाढेल या भरवशावर जोडीजोडीनं ढीगभर बोटी बांधून घेतल्या. पुढे इंजिनची बोट, मागे दोरानं ओढायची बिनइंजिनची ‘बटी’. नावं ठेवली ताऱ्यांची आणि गावांची. काही बोटी हार्लंड अँड वुल्फच्या लंडनमधल्या वुलिच गोदीत बांधल्या, म्हणजे ज्यांनी बेलफास्टात टायटॅनिक बांधली त्यांच्याकडेच. हे बायकोला सांगू नका. धंदा काही वाढला नाही. हिचं नाव निळ्या-पिवळ्या सरकारी रंगाखाली अर्धं पुसलंय, पण बाजूवर हातोडा मारला की घंटेसारखा स्वच्छ आवाज येतो. ‘बद्द’ असा आवाज आला तर आत गंजानं पत्रा खाल्ला म्हणायचं. तुम्ही पुढून मागे ठोकत जाता. टण्, टण्, टण्. साठ वर्षांनी याच कामासाठी एक माणूस अल्ट्रासाउंडचं यंत्र घेऊन येईल, पत्रा किती मिलिमीटर उरला ते कागदावर उतरवून देईल आणि चार मिलिमीटरच्या खाली आकडा गेला की विमावाले तोंड फिरवतील. आज हातोडा आहे आणि तुमचे कान आहेत. खालचा तळ बर्फात अडकलाय, तो सुक्या गोदीत बोट चढवल्याशिवाय दिसणार नाही, आणि ती गोदीही गोठलीय. एवढं विश्वासावर.

सातव्या की आठव्या ठोक्याला मागच्या केबिनचं दार उघडतं.

“आत माणूस आहे, मिस्टर,” एक म्हातारी म्हणते.

तुम्ही टोपी काढता. गोदीवाला काठावरून ओरडतो की ह्या बाई पुढच्या आठवड्यात जाणार आहेत, कौन्सिलचं घर मिळालंय त्यांना. म्हातारी त्याच्याकडे बघत नाही. ती बायकोकडे बघते, तिच्या पातळ बुटांकडे बघते आणि आत सरकून जागा करते.

आत उतरायचं म्हणजे कोळशाच्या पेटीवर पाय ठेवून. डाव्या हाताला काळी, घासून चकचकीत केलेली शेगडी. तिच्यापलीकडे एक कपाट. त्याचं दार खाली पाडलं की ते जेवायचं टेबल होतं. उजवीकडे लांबट बाक, रात्री तोच बिछाना. टोकाला आडवा पलंग, दिवसा कपाटात दुमडून ठेवायचा. भिंतीवर जाळीदार काठाच्या थाळ्या, काठांतून रिबन ओवलेली. पितळी दांड्या, पितळी गोळे, क्रोशाच्या झालरी. सगळं मिळून लांबीला नऊ-दहा फूट, रुंदीला सातही नाहीत. गिरणगावातली दहा बाय बाराची खोली इथे ऐसपैस वाटेल. तरी इथे हात लांब केला की जे लागतं ते हाताला मिळतं. चहा करताना म्हातारी एकदाही उठत नाही.

“मुलं किती?” बायको विचारते. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

“सात. दोन गेली.” ती आडव्या पलंगाकडे बोट दाखवते. “तिथंच.” जन्मली तिथं की गेली तिथं, हे ती सांगत नाही, आणि बायको विचारत नाही.

माणसं किती कोंबायची यावर कायदे होते. 1877चा आणि 1884चा. केबिनची नोंदणी व्हायची, तपासनीस यायचा. तपासनीस आला की थोरली मुलं काठावर खेळायला जायची, म्हातारी हसून सांगते. शाळेचंही तसंच. बोट जिथे थांबली तिथे अर्धा दिवस शाळा, आणि मास्तरांना नाव कळेपर्यंत बोट पुढच्या गावी. तिला वाचता येत नाही. इथून लंडनपर्यंतची लॉकं मात्र ती डोळे मिटून सांगते: कुठली झडप जड आहे, कुठला दरवाजा गळतो, कुठल्या पुलाखाली गाळ साचतो. तुम्ही पन्नास मैलांचे नकाशे विकत घेऊन ठेवलेत. ते बाहेर काढू नका.

“इथे...” बायको थांबते, “म्हणजे, संडास?”

“बादली,” म्हातारी म्हणते.

शांतता. शेगडीत कोळसा खाली बसल्याचा आवाज.

पाणीही काठावरच्या नळावरून आणायचं. ते छपरावरच्या रंगवलेल्या कॅनमध्ये राहतं. या कॅनला सगळे बकबी कॅन म्हणतात. कपडे काठावर धुवायचे. आणि ‘काठ’ हा शब्द म्हातारीच्या तोंडात कसा येतो तो ऐका. कालव्याला ती ‘कट’ म्हणते, जमिनीतून कापून काढलेला म्हणून. आणि कालव्याबाहेरचं जे काही जग आहे, लंडन, बर्मिंगहॅम, राणीचा वाडा, ते सगळं ‘काठ’. तुम्ही काठावरचे. तिचा थोरला काठावर गेला, म्हणजे बोट सोडून कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात लागला. धाकटीही काठावर गेली. आता ती स्वतः. नवरा तेवढा वर चर्चच्या आवारात आहे. इथल्या किती बोटवाल्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि माती त्याच चर्चमध्ये झाली.

“घराला वर दोन खोल्या आहेत,” ती म्हणते. “झोपायला जिना चढून जायचं. मी जिना चढून कधी झोपले नाही.”

तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसता. तुम्हाला घर सोडून हिच्या बोटीत यायचंय, हिला बोट सोडून घरात जायचंय; दोघांच्याही आयुष्याचा तोच टप्पा, दोघांनाही सरकार पेन्शन देणार. फरक एवढाच की तुम्ही मागून घेताय आणि तिला कुणी विचारलेलं नाही. या देशात निवृत्तीसाठी बोट घेण्याचा जो छंद पुढे फोफावेल, आणि आज तुमच्या काळात या कालव्यांवर तीस हजारांवर बोटी आहेत, त्याच्या मुळाशी अशी रिकामी झालेली केबिन आहे. मला तो छंद आवडतो. तरी केबिनमधले हे नऊ फूट दाखवल्याशिवाय त्याबद्दल लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही.

बायको उठते. आता ती नको म्हणणार, असं तुम्हाला वाटतं. ती ताडपत्री उचलून माल भरायची मोकळी जागा बघायला जाते: जवळजवळ पन्नास फूट, कोळशाच्या भुकटीनं काळी. ती पावलं टाकून मोजते. इथे खिडक्या, इथे खरा स्टोव्ह, इथे दार लागणारा संडास. मग परत येते आणि तुमच्याशी नाही, म्हातारीशी बोलते: “मागची ही खोली आहे तशीच ठेवीन म्हणते.”

म्हातारी कप विसळत असते. “पितळ रोज पुसावं लागतं,” ती म्हणते.

किंमत गोदीवाला काठावर, बर्फात पाय आपटत सांगतो. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा होतो, इथे सरळ तोंडावर आकडा. सरकारी पेन्शन आठवड्याला दोन पौंड सतरा शिलिंग सहा पेन्स, वर रेल्वेची थोडी, आणि बँकेत जे आहे ते. तुम्ही मनात भागाकार करता, त्यात सुतार, इंजिनची दुरुस्ती, परवाना, दर दोन-तीन वर्षांनी बुडाला डांबर धरता. घर घेतलं की एकदाचे पैसे जातात; बोट घेतली की पैसे जायला लागतात. घासाघीस करता. तो थोडा उतरतो. इंजिन चालू करून दाखव म्हणता, तर तो बर्फाकडे बोट दाखवतो. पंधरा टक्के आत्ता, बाकीचे बर्फ वितळून सुक्या गोदीत तळ पाहिल्यावर, असं ठरतं. कारकुनानं चाळीसपंचेचाळीस वर्षं मालाच्या पावत्या उगाच नाही लिहिल्या.

आता मार्चमध्ये उडी मारू. मधले आठवडे म्हणजे पॅराफिनचा वास आणि सुताराची बिलं, त्यात बघण्यासारखं काही नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी दंव पडत नाही आणि कालव्यात पुन्हा पाणी दिसतं. तळ बरा निघाला. महिना संपता संपता बोट पाण्यात आहे, ताडपत्रीखाली निम्म्या खिडक्या बसल्यात, संडासाला दार आहे, कडी नाही. पेपरात बीचिंगचा अहवाल आलाय. तुम्ही तो शेगडी पेटवायला घेतलात. डिझेल इंजिन हँडल मारून चालू होतं, दोन सिलिंडरांचा आवाज पुलाच्या कमानीला आपटून परत येतो.

म्हातारी काठावर उभी आहे. कौन्सिलच्या घरातून चालत आलीय, चांगला कोट घालून. थाळ्या आणि झालरी तिनं नेल्या, तो तिचा हक्क होता. छपरावरचा कॅन ठेवून गेली. का ठेवला हे बायकोनं विचारलं तर म्हणाली, तिथं नळ घरातच आहे.

तुम्ही सुकाणूचा दांडा धरता. उजवीकडे जायचंय म्हणून उजवीकडे दाबता आणि सत्तर फूट पोलाद निवांतपणे डावीकडच्या गाळात जाऊन बसतं.

“उलटा, मिस्टर,” काठावरून आवाज येतो. “दांडा उलटा.”

बोट वाशानं ढकलून काढायला वीस मिनिटं लागतात. म्हातारी जात नाही, हसतही नाही. बोट सुटल्यावर ती आणखी काही सांगेल म्हणून तुम्ही बघता, पण ती बायकोला हातानं खूण करते: दोर असा नाही, असा गुंडाळ. बायको पुन्हा गुंडाळते. म्हातारी मान हलवते आणि चढावर चालू लागते.

पुढे सहा लॉकं आहेत, बोगद्याकडे चढत जाणारी. पहिलं तुम्ही दोघं मिळून पाऊण तासात काढता. बायको दातेरी दांड्यावर चावी फिरवून झडप उचलते, पाणी आत घुसतं, बोट वर येते, दरवाजा उघडतो. बायकोच्या गालांवर रंग आलाय आणि हाताला फोड. ती धावत पुढे येऊन बोटीवर उडी मारते, तिच्या वयाला न शोभेल अशी.

समोरून जोडी येतेय. इंजिनची आणि बटी, दोन्ही रिकाम्या, पाण्यावर उंच तरंगणाऱ्या, लंडनला कोळसा टाकून परत फिरलेल्या. अशा आता थोड्याच उरल्यात. बटीच्या दांड्यावर डोक्याला रुमाल बांधलेली बाई. पुढच्या बोटीवर टोपी कपाळावर ओढलेला माणूस. तुम्ही हात वर करता. त्याची नजर तुमच्या नव्या खिडक्यांवरून, बायकोच्या हातातल्या दोरावरून, तुमच्या चावणाऱ्या बुटांवर येऊन थांबते. तो मागच्या बाईला काहीतरी सांगतो. इंजिनांच्या आवाजात तुम्हाला एकच शब्द ऐकू येतो, काठावरचे.

त्याची बोट तुम्ही मोकळ्या केलेल्या लॉकमध्ये शिरते. तो उतरतो, चालत दरवाजाशी येतो आणि बायकोनं वर उचलून तशीच ठेवलेली झडप खटाखट खाली पाडतो.